‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मधील अभिजात संगीताचे प्रश्न

‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही ब्रिटनमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांची दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा होय. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ‘कॉलेज बोल’ या अमेरिकी कार्यक्रमाच्या धर्तीवर ती तयार केली आणि २१ सप्टेंबर १९६२ रोजी तिचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. १९८७ पर्यंत बॅम्बर गॅस्कॉइन हे तिचे प्रश्नकर्ते होते. काही वर्षांच्या खंडानंतर १९९४ मध्ये ‘बीबीसी टू’ वाहिनीवर ती पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून २०२३ पर्यंत जेरेमी पॅक्समन यांनी आणि त्यानंतर कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन यांनी ही जबाबदारी सांभाळली. इतिहास, विज्ञान, साहित्य, भूगोल अशा सर्व विषयांवरील प्रश्नांत संगीताच्या फेरीचे स्थान वेगळे आहे. अन्य प्रश्नांची उत्तरे वाचनाच्या बळावर देता येतात. या फेरीत मात्र कानाने केलेला अभ्यासच उपयोगी पडतो.

फेरीचे स्वरूप

प्रत्येक सामन्यात चार-चार विद्यार्थ्यांचे दोन संघ असतात. ‘स्टार्टर’ म्हणजे प्रारंभिक प्रश्नाला दहा गुण असून त्याचे उत्तर सहकाऱ्यांशी चर्चा न करता, बझर दाबून एकट्याने द्यावयाचे असते. प्रश्न पूर्ण होण्यापूर्वीच मध्ये पडून चुकीचे उत्तर दिल्यास पाच गुण वजा होतात. बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला प्रत्येकी पाच गुणांचे तीन ‘बोनस’ प्रश्न मिळतात. त्यांवर संघातील चौघांना आपसात विचारविनिमय करता येतो.

चित्रांच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान, सामन्याच्या साधारण मध्यावर संगीताची फेरी येते. तिची रीत ठरलेली आहे. प्रश्नकर्ता प्रथम काय ओळखावयाचे ते सांगतो, बहुधा रचनाकाराचे नाव, आणि मग ध्वनिमुद्रित तुकडा वाजू लागतो. बझर वाजताच संगीत थांबते. उत्तर चुकले तर प्रतिस्पर्धी संघाला तोच तुकडा आणखी थोडा ऐकविला जातो. दोन्ही संघांना उत्तर न आल्यास संगीताचे बोनस प्रश्न राखून ठेवतात आणि पुढील साध्या स्टार्टरचे बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला ते मिळतात.

बोनसमधील तीन तुकडे सहसा एखाद्या समान सूत्राने स्टार्टरशी जोडलेले असतात. उदाहरणादाखल शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकाचे सूत्र घेता येईल. त्यावर बर्लिओझ यांनी १८३९ मध्ये नाट्यमय सिंफनी रचली, गूनो यांचा ऑपेरा १८६७ मध्ये रंगभूमीवर आला, चायकोव्हस्कींनी वाद्यवृंदासाठी ओव्हर्चर लिहिले आणि प्रोकोफिएव्ह यांच्या बॅले-संगीतावरील पहिला प्रयोग १९३८ मध्ये झाला. एक कथा, चार रचनाकार आणि चार संगीतप्रकार अशी ही मांडणी असते. सूत्र उमगले की उत्तराची व्याप्ती आपोआप आकुंचित होते.

रचना ओळखण्याची साधने

प्रत्येक रचना पूर्वी ऐकलेली असणे कोणालाही शक्य नाही. म्हणूनच जाणकार स्पर्धक प्रथम काळ ठरवितात आणि मग रचनाकाराकडे वळतात. काळ ठरविण्याचे पहिले साधन म्हणजे वाद्य. सॅक्सोफोनचे पेटंट १८४६ सालचे आहे. तो ऐकू आला तर मोत्झार्ट वा बेथोव्हेन यांची नावे तत्काळ बाद होतात. चेलेस्टा हे घंटानादासारखे स्वर देणारे वाद्य १८८६ मध्ये पेटंट झाले आणि चायकोव्हस्कींनी १८९२ च्या ‘द नटक्रॅकर’ या बॅलेत त्याचा संस्मरणीय वापर केला. वाद्यवृंदाचा आकार, तालवाद्यांचे प्रमाण, गायनाची भाषा यांवरूनही असेच अनुमान बांधता येते.

दुसरे साधन म्हणजे रचनेची सुरुवात. स्ट्राविन्स्की यांच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’चा आरंभ एकट्या बसूनच्या असाधारण उंच स्वरांनी होतो, तर गर्श्विन यांच्या १९२४ मधील ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या प्रारंभी क्लॅरिनेटचा स्वर वर घसरत जातो. अशा सुरुवाती एकदा कानांत बसल्या की दोन-तीन सेकंदही पुरेसे होतात.

अर्थात या साधनांना चकविणाऱ्या रचनाही आहेत. हार्प्सिकॉर्ड ऐकताच बाख वा हेंडेल यांचे नाव ओठांवर येते. परंतु स्पॅनिश रचनाकार मानुएल दे फाया यांनी याच वाद्यासाठी १९२६ मध्ये कॉन्चेर्टो लिहिला. प्रोकोफिएव्ह यांची १९१७ ची ‘क्लासिकल सिंफनी’ तर हायडनच्या शैलीचे जाणीवपूर्वक केलेले स्मरण आहे. तेथे अनपेक्षित वळण घेणारा स्वरमेळच विसाव्या शतकाची खूण पटवितो.

नावांचा गुंता

‘रचनाकार कोण?’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ‘अल्बिनोनीचा अडाजिओ’ म्हणून जगभर लोकप्रिय असलेली रचना प्रत्यक्षात इटालियन संगीतशास्त्रज्ञ रेमो जियाझोत्तो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली; अल्बिनोनी यांचे निधन १७५१ मध्येच झाले होते. १९८१ च्या चार्ल्स-डायना विवाहात वाजलेली ‘ट्रम्पेट व्हॉलंटरी’ दीर्घकाळ हेन्री पर्सेल यांच्या नावावर होती. ती जेरेमाया क्लार्क यांची आहे. ब्राम्स यांनी १८७३ मध्ये ‘हायडनच्या विषयावरील’ म्हणून ज्या स्वररूपांतरांची रचना केली, तो मूळ विषय हायडन यांचा नसावा असे आता अभ्यासक मानतात. प्रश्न तयार करणाऱ्यांना अशा ठिकाणी काटेकोर राहावे लागते. अन्यथा खरे उत्तर देणाराच गुण गमावून बसेल.

या गुंत्याची एक बाजू सामाजिक आहे. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने फेलिक्स मेंडेलसोन यांच्या नावे छापलेल्या गीतसंग्रहातील आपले आवडते ‘इटालिएन’ हे गीत गायले. ते आपले नसून बहीण फॅनी हिचे आहे, अशी कबुली मेंडेलसोन यांना द्यावी लागली. फॅनीची काही गीते भावाच्या नावाने प्रसिद्ध झाली होती. ज्यांची नावे मुखपृष्ठावर आलीच नाहीत, त्यांच्याविषयी प्रश्न तरी कसा विचारला जाणार? फॅनी मेंडेलसोन, क्लारा शूमान, लिली बूलांजे यांच्या रचना प्रश्नात येतात, तेव्हा या जुन्या उणिवेची काही अंशी भरपाई होते.

आक्षेप आणि मर्यादा

अभिजात संगीताचे प्रश्न विशिष्ट वर्गातील विद्यार्थ्यांना झुकते माप देतात, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. वाद्यशिक्षण खर्चिक असते. शिवाय ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अनेक महाविद्यालयांना चॅपलमधील गायकवृंदाची परंपरा असल्याने तेथील काही विद्यार्थ्यांना धर्मसंगीत प्रत्यक्ष गाण्यातून परिचित असते. या दोन विद्यापीठांची महाविद्यालये स्वतंत्र संघ म्हणून उतरतात, याच्या निषेधार्थ १९७५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने अनेक प्रश्नांना ट्रॉट्स्की, लेनिन, मार्क्स अशी उत्तरे देऊन सामना उधळून लावला होता. इंग्लंडमध्ये २०१० नंतर ‘ए लेव्हल’ परीक्षेला संगीत विषय घेणाऱ्यांची संख्या घटल्याने हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे.

संगीताच्या फेरीत आता केवळ अभिजात संगीत नसते. २०२३ मध्ये नृत्यसंगीताचा एक प्रकार ओळखताना विद्यार्थ्याने ‘ड्रम अँड बेस’ असे उत्तर दिले. अमोल राजन यांनी ते न स्वीकारता ‘जंगल’ हेच उत्तर ग्राह्य धरले आणि त्याची मोठी चर्चा झाली. काटेकोरपणाची जी कसोटी बाख आणि हेंडेल यांच्या बाबतीत, तीच येथेही लागू झाली.

भारतीय संगीत आणि प्रश्नमंजूषा

या कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती २००३ मध्ये ‘बीबीसी वर्ल्ड’ वाहिनीवर सिद्धार्थ बसू यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाली आणि तिच्या पहिल्या पर्वाचे विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने पटकावले. महाराष्ट्राशी असा संबंध असल्याने एक विचार येथे उपस्थित करणे अप्रस्तुत ठरू नये. हिंदुस्थानी संगीतावर असाच प्रश्न विचारावयाचा झाल्यास तो कसा असेल?

पाश्चात्त्य परंपरेत रचना लिखित असते, म्हणून रचनाकाराचे नाव हे स्वाभाविक उत्तर ठरते. आपल्याकडे गायक मैफलीत राग विस्तारतो. बंदीश हा त्याचा केवळ आधार असतो. बंदिशीत तर रचनाकार अनेकदा स्वतःची मुद्रा गुंफतो. अठराव्या शतकातील नियामत खाँ यांचे ‘सदारंग’ हे नाव असेच शब्दांतून कानांवर येते, त्यामुळे तेथे रचनाकार विचारणे म्हणजे उत्तर हाती देण्यासारखेच होय. खरा प्रश्न ‘राग कोणता?’ हाच राहील. पण भूप आणि देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत. भूपात गंधाराला, तर देशकारात धैवताला प्राधान्य असते. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वरही समान असून भेद चलनात आणि स्वरांच्या वजनात आहे. चार-पाच सेकंदांच्या तुकड्यात हा भेद स्पष्ट होईलच असे नाही. आपल्या संगीतासाठी प्रश्नमंजूषा रचावयाची तर तुकडा दीर्घ ठेवावा लागेल आणि बझरच्या घाईला आवर घालावा लागेल.

तयारीचा मार्ग

या फेरीच्या तयारीसाठी रचनाकारांच्या याद्या आणि सनावळ्या पाठ करण्याचा उपयोग मर्यादित आहे. एका काळातील तीन-चार रचनाकार निवडून त्यांच्या एकेका प्रमुख रचनेचे सर्व भाग पुनःपुन्हा ऐकणे, प्रत्येक वाद्याचा आवाज स्वतंत्रपणे ओळखावयास शिकणे आणि ऐकलेल्या रचनेचा काळ आधी स्वतः ठरवून मग पडताळून पाहणे, हा अधिक खात्रीचा मार्ग होय. स्पर्धेत हे दहा गुण मिळोत वा न मिळोत, अशा श्रवणाने संगीताचा आस्वाद घेण्याची क्षमता निश्चितच वाढते.