कापूस पेरला, ज्वारी सुटली

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काळी जमीन कापसाला उत्तम, म्हणून पेरा वाढला. पण वावर तेवढंच! जिथे कापूस आला तिथली ज्वारी गेली, गुरांचा कडबाही गेला. भाव चढा असेपर्यंत कापूस विकून ज्वारी आणणं परवडायचं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव घसरला. पोटाला ज्वारी मात्र लागणारच होती. सोडलेल्या पिकाच्या या किमतीला अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ म्हणतात. तो पट्टीवर लिहिलेला नसतो. म्हणून आम्ही गटात पेरणीआधीच विचारतो: हे लावायचं, तर काय सोडायचं?