ठिपक्यांची चित्रं: कळमेश्वरच्या एका पेंटरला पिक्सेल आर्ट समजावताना

आजचा भाग कळमेश्वरहून, माझ्या घरच्या मागच्या खोलीतून रेकॉर्ड केलाय. मधेमधे गाडीचा भोंगा ऐकू येईल, त्याला इलाज नाही. नागपूर-इटारसी लाइन घरापासून फार लांब नाही, आणि मालगाड्या आमचं वेळापत्रक पाहून धावत नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की तुम्ही रात्री कॉम्प्युटरवर जे चौकोन चौकोन भरत बसता ते नक्की काय असतं? त्याला पिक्सेल आर्ट म्हणतात. हा प्रश्न मला घरात आधीच विचारला गेलाय, आणि विचारणारा माणूस सोपा नव्हता. ते माझे बाबा.

बाबा पेंटर. भिंतीला रंग देणारे नव्हे, बोर्ड रंगवणारे. किराणा दुकान, सलून, कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, निवडणुकीच्या भिंती, ट्रॅक्टरच्या मागचं नाव. कळमेश्वरपासून धापेवाड्यापर्यंत एक काळ असा होता, की रस्त्यानं जाताना मी अक्षर पाहून सांगायचो, हे बाबांचं आणि हे दुसऱ्याचं. मग फ्लेक्स आला. आठ दिवसांचं काम तासाभरात छापून मिळायला लागलं, तेही फोटोसकट. बाबांनी दोन-तीन वर्षं कळ काढली आणि एक दिवस ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून पेटीत ठेवले. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त घरात कॉम्प्युटर आला तेव्हा ते त्या खोलीत फारसे यायचे नाहीत.

त्यामुळे मागच्या दिवाळीत ते माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "हे काय करून राहिला बे तू?" तेव्हा मला जरा घाम फुटला. हा प्रश्न साधा नव्हता. ज्या यंत्रानं त्यांचं काम नेलं, त्याच यंत्रावर त्यांचा मुलगा दिवसभराची नोकरी संपवून हौसेनं, बिनपैशाचं चित्र काढत बसला होता.

मी पहिल्यांदा पुस्तकी उत्तर दिलं. म्हटलं, बाबा, स्क्रीनवरचं कुठलंही चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं असतं, त्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एरवी ते दिसत नाहीत, या कलेत ते मुद्दाम दिसू देतात आणि एकेक ठिपका हातानं ठेवतात.

बाबा म्हणाले, "मंग मशीन कायले पायजे?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणून मी माघार घेतली आणि दुसरीकडून सुरुवात केली. आज तुम्हालाही त्याच वाटेनं नेतो.

आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी घराघरात आहे. उदबत्तीनं भोकं पाडलेला तो कागद आठवतो? अंगणात कागद ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की ओळीत ठिपके तयार. मग ते जोडायचे. माझ्या आईच्या वहीत अशा रांगोळ्या पानंच्या पानं आहेत, आणि प्रत्येकीच्या खाली हिशोब: सात ते एक, अकरा ते सहा. म्हणजे कुठल्या ओळीत किती ठिपके. चित्राची अशी आकड्यांतली आज्ञावली आई शाळकरी वयापासून लिहीत होती. फरक इतकाच, की रांगोळीत ठिपका ही खूण असते आणि रेघ हे चित्र. पिक्सेल आर्टमध्ये रेघ नसतेच. ठिपकाच चित्र. त्यापेक्षा जवळचं नातं आहे ते मॅटीच्या कापडावरच्या क्रॉस टाक्याशी. तिथे घर मोजून टाका घालतात, तिरपी रेघ हवी असली तरी ती पायऱ्यापायऱ्यांनीच येते.

आणि पायऱ्यांवरून आठवलं. आपल्या विदर्भात करवतकाठी साडी विणतात. टसरची, काठाला करवतीचे दात असलेली. ते दात कसे येतात? साडीचं अंग आणि दोन्ही बाजूंचे काठ यांच्यासाठी तीन वेगळे धोटे चालवतात, आणि अंगाचा धागा नि काठाचा धागा जिथे एकमेकांत अडकतात, ती जागा विणकर ओळीओळीनं आत-बाहेर सरकवतो. मागावर धागा आडवा आणि उभा, दोनच दिशांनी जातो. तिरपं काही दाखवायचं तर पायऱ्या करूनच. पिक्सेल आर्टवाले चित्राच्या कडेला दिसणाऱ्या अशा पायऱ्यांना दोष मानतात आणि त्या गुळगुळीत करायला तासन्‌तास घालवतात. आपल्या विणकरांनी त्याच पायऱ्यांचं नाव साडीला दिलं.

माग आणि कॉम्प्युटर यांचं नातं निव्वळ उपमेचं नाही बरं का. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. आहे किंवा नाही, या दोनच शब्दांत नक्षी लिहिता येते हे त्या मागानं दाखवलं. पुढे हिशोबाच्या यंत्रांनी तेच भोकाचे पुठ्ठे उचलले.

आता खऱ्या पिक्सेलकडे. 1957 मध्ये अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या अभियंत्यानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राला वाचायला दिला. आडवे 176 आणि उभे 176 ठिपके, एकूण 30,976. आज तुमच्या मोबाइलच्या एका फोटोत याच्या शेकडोपट ठिपके असतात, पण सुरुवात त्या बाळाच्या चेहऱ्यानं झाली. पिक्सेल हा शब्द छापून आला 1965 मध्ये, अवकाशयानांनी पाठवलेल्या चंद्र-मंगळाच्या चित्रांबद्दलच्या लिखाणात. मग गेम आले. 1981 च्या डाँकी काँगमधला उड्या मारणारा माणूस, जो पुढे मारियो झाला, त्याला मिशी का? तर नाक दाखवायला ठिपके पुरत नव्हते, खाली मिशी ठेवली की नाक आपोआप दिसतं. टोपी का? केस काढायचे वाचतात. अडचणीतून चेहरा घडला. 1984 च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी सुझन केअर यांनी चौकटींच्या वहीत चिन्हं काढली, एकेक 32 बाय 32 घरांत. 1999 मध्ये जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी 12 बाय 12 घरांत 176 इमोजी बसवल्या, आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं त्या आपल्या संग्रहात घेतल्या.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर भिंतीवरच्या लक्ष्मीच्या जुन्या तसबिरीकडे बोट करून म्हणाले, "तिच्यात बी ठिपके हायेत. जवळून पाय."

मंडळी, मी त्या तसबिरीखाली वाढलो, कधी जवळून पाहिलं नव्हतं. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. तिथे देवदेवतांची चित्रं दगडावरून छापत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि गालावरची छटा उतरवायला कारागीर त्या दगडावर हातानं ठिपके देत. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ म्हणजे उजळ. चित्रावर नाव रविवर्म्यांचं, ठिपके देणारे हात निनावी. आमची तसबीर त्याच छापखान्याची आहे असा माझा दावा नाही, पण बाबा तरुणपणी अशीच चित्रं भिंगातून पाहून शेड शिकले होते. हे मला त्या दिवशी कळलं.

आता गोष्ट त्यांच्या अंगणात आली होती, म्हणून मी अक्षरांचा विषय काढला.

रोमन लिपीचं अक्षर ठिपक्यांत बसवणं तसं सोपं. 5 आडवे, 7 उभे, झालं काम. सुरुवातीचे कॉम्प्युटर आणि खडखडणारे प्रिंटर त्यावरच चालले. देवनागरीचं तसं नाही. शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मधे अक्षराचं अंग. खाली उकार. त्यात जोडाक्षर आलं की एकावर एक मजले. छापखान्यातल्या जुळाऱ्यांनाही हा त्रास होताच, देवनागरीसाठी शेकडो खिळ्यांची खानी लागायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही लिपी आणण्याचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे पुढे गेलं. जिस्ट नावाचं कार्ड साध्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, की भारतीय लिप्या दिसायला लागायच्या. 1991 मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाणित कोष्टक आलं.

आणि र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक, मग आयआयटी मुंबईत शिक्षक. विंडोज 2000 बरोबर जो मंगल फाँट आपल्या कॉम्प्युटरवर आला, तो त्यांनी घडवलेला. सरकारी अर्ज, परिपत्रकं, बातम्या, कितीतरी वर्षं आपण त्यांचंच अक्षर वाचत होतो. ते 2008 मध्ये गेले. बोरूनं लिहिणारा माणूस कॉम्प्युटरच्या आत शिरला आणि लिपीसाठी जागा करून आला, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाखव तुझं."

मी तेव्हा एका चित्रावर काम करत होतो. आमचं रेल्वे स्टेशन, संध्याकाळचं, एकूण आठ रंगांत. त्यातली पाटी वेगळी काढून घेतली होती: "कळमेश्वर", 64 घरं आडवी, 16 उभी. गुणाकार केला तर 1024, सुझन केअरच्या एका चिन्हाइतकीच घरं. वाटणी मी शिस्तीत केली होती. वरच्या 4 ओळी मात्रा-वेलांटीला, 1 शिरोरेघेला, 8 अक्षराच्या अंगाला, खालच्या 3 उकाराला. फाँट करणारे साधारण अशीच वाटणी करतात. पण माझं "श्व" काही केल्या जमत नव्हतं. श ची गाठ आणि व चं पोट मिळून नुसता काळा गोळा होत होता.

बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "या शब्दात उकार कुठी हाय?"

नाही.

"मंग खालच्या तीन ओळी रिकाम्या कायले ठेवल्या?"

मंडळी, मी चार संध्याकाळ त्या गोळ्याशी झगडत होतो. माझ्या डोक्यात बसलेलं, की खाली उकाराची जागा सोडायचीच असते. सोडायची असते, पण कुणाला? फाँटला. पुढे कोण काय लिहिणार हे फाँटला माहीत नसतं. उद्या कुणी "कुही" लिहील, कुणी "मूर्तिजापूर". म्हणून तो सगळ्यांसाठी जागा राखून ठेवतो. बोर्ड रंगवणाऱ्याला शब्द आधीच माहीत असतो. तो त्या एका शब्दासाठी, त्या एका फळीसाठी अक्षर घडवतो. उकार नसेल तर अक्षर खाली उतरवतो, काना अडचणीत असेल तर शेजाऱ्याला सरकवतो.

मी खालच्या तीन ओळी अंगाला दिल्या. 8 च्या 11 झाल्या. श ची गाठ सुटली, व चं पोट उघडलं. मग बाबांनी ळ मधला एक ठिपका काढायला लावला आणि म च्या गाठीत एक घालायला. माऊस त्यांनी हातात घेतला नाही. स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होते आणि मी टिचकी मारत होतो. सूत मारून खडूनं आखणी करताना मी लहानपणी त्यांचा डबा धरून उभा असायचो, तसंच, फक्त जागा बदललेल्या.

"मशीन कायले पायजे" याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. पिक्सेल आर्टला मशीन लागतंच असं नाही, ग्राफ पेपर आणि स्केचपेनवरही ती होते. मशीन हा नुसता कागद आहे. एक ठिपका मिटवून पुन्हा ठेवता येतो, एवढीच त्याची सोय. कुठला ठिपका ठेवायचा हे ठरवणं म्हणजे ही कला, आणि ते ठरवायला बाबांसारखी नजर लागते.

आता तुम्ही विचाराल, मग बाबांना पटलं का? अर्धं पटलं. उठताना म्हणाले, "चांगलं हाय, पण याचे पैसे कोण देते?" मी म्हटलं, कुणीच नाही. त्यावर, "मंग तुले परवडते, मले परवडलं नसतं." हे वाक्य मी या भागातून कापणार नाही. हौस आणि पोट यांच्यात एक रेघ आहे, आणि ती कुणाच्या बाजूनं ओढली गेली ते विसरून या छंदाचं कौतुक करणं मला जमणार नाही.

पण ब्रशची पेटी आता माझ्या खोलीत आलीय. त्यांनीच आणून ठेवली, टेबलाखाली, काही न बोलता. आणि स्टेशनच्या चित्रात त्यांना अजून एक चूक दिसतेय म्हणे, सांगत नाहीत. म्हणतात, आधी तू शोध.

तुमच्या घरात जुनी रांगोळीची वही, क्रॉस टाक्याचा नमुना किंवा एखाद्या पेंटरच्या हातचा बोर्ड असेल, तर एकदा जवळ जाऊन पाहा. घरं मोजा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार.