सुतारशाळेतलं गाणं कोण निवडतं?

लंडनहून ऑक्सफर्डकडे जाताना वाटेत हाय वायकम लागतं. आज तिथे मुद्दाम उतरावं असं फारसं काही नाही, पण दीडशे वर्षांपूर्वी हे गाव म्हणजे इंग्लंडमधल्या खुर्च्यांचं माहेरघर होतं. 1870 च्या दशकात इथे दिवसाला 4,700 खुर्च्या तयार होत, असा आकडा नेहमी दिला जातो. आजूबाजूच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची झाडं मुबलक. त्या रानातच पालं ठोकून कातारी लोक खुर्च्यांचे पाय कातत आणि गाड्या भरून ते गावातल्या कारखान्यांत पाठवत. या कातार्‍यांना इंग्रजीत ‘बॉजर’ म्हणत.

या गावाची आठवण काढायचं कारण एक साधा प्रश्न आहे. परदेशात आल्यावर आपल्यातले बरेच जण गराजमध्ये करवत घेऊन उभे राहतात. कुणी हौसेने, कुणी इथल्या सुताराची मजुरी ऐकून. त्या सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो की काम करताना लावायचं काय? रेडिओ, गाणी, कीर्तन की काहीच नाही? प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याला चांगला लांबलचक इतिहास आहे. आणि त्या इतिहासातला मोठा काळ असा आहे की गाणं कोणतं लागणार हे काम करणार्‍याने ठरवलेलंच नाही.

रानातल्या कातार्‍याचं यंत्र अगदी साधं असे. डोक्यावर एक लवचीक, लांब काठी बांधलेली, तिच्यापासून निघालेली दोरी लाकडाला एक वेढा देऊन खाली पायपट्टीला जोडलेली. पाय दाबला की लाकूड एका दिशेने फिरतं, सोडला की काठी दोरी वर ओढते आणि ते उलट फिरतं. पटाशी चालते ती फक्त पाय दाबताना. म्हणजे कामाचा ताल अंगातच होता, एक मात्रा कापण्याची आणि एक रिकामी. अशा कामाला बाहेरून संगीत लागत नाही. लागलंच, तर ते त्या तालावर बेतलेलं हवं.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण जातं. खुंट्याला धरून दोघी समोरासमोर बसल्या की फेर्‍याला फेरा जुळायलाच हवा, आणि ओवीची चाल त्या फेर्‍यातूनच निघते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. दळणारीने ओवी स्वतःच निवडली, बहुतेकदा स्वतःच रचली. तिला ‘काय लावू?’ हा प्रश्न पडलाच नाही. शेतातल्या भलरीचंही तसंच.

सुतारकामात मात्र असं गाणं रुजणं अवघड, असं मला वाटतं. लाकूड उभं कापायचा मोठा आरा दोघे ओढत, त्याला ताल होता. पण एरवी सुताराचं काम तुटक. मोजायचं, गुण्या लावायचा, रेघ मारायची, चार वेळा रंधा मारायचा, डोळ्यापुढे फळी धरून बघायचं, पुन्हा मोजायचं. त्यात सलग एक लय धरायला जागाच नाही. गाणं कामात मुरतं ते तेच ते काम पुन्हा पुन्हा करावं लागतं तेव्हा. सुतारशाळेत संगीताचा प्रश्न उभा राहिला तो काम तुकड्या-तुकड्यांत वाटलं गेल्यावर, म्हणजे एकाने दिवसभर नुसतं भोक पाडायचं आणि दुसर्‍याने दिवसभर नुसतं घासायचं अशी वेळ आल्यावर.

त्याच सुमाराला यंत्रंही आली आणि गाणं ऐकूच येईनासं झालं. शिवाय अनेक कारखान्यांत मालकांनी गाण्यावर आणि शिट्टी वाजवण्यावर बंदी घातली. गाणारा माणूस कामात लक्ष देत नाही, हा समज. जात्यावर गाणं म्हणजे काम चालू असल्याची खूण होती, कारखान्यात ते कामचुकारपणाचं लक्षण ठरलं!

मग 1930 च्या दशकात हवा फिरली. ब्रिटनमधल्या औद्योगिक आरोग्य संशोधन मंडळासाठी वायट आणि लँग्डन या दोघांनी एकसुरी कामातल्या कंटाळ्याचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल 1937 साली निघाला. हातांना काम आणि डोक्याला सुट्टी अशा कामात मधूनमधून संगीत वाजवलं, तर कंटाळा कमी होतो आणि काम थोडं जास्त होतं, असा त्यांचा निष्कर्ष. यातली मेख ‘मधूनमधून’ या शब्दात आहे. दिवसभर वाजत राहिलेल्या संगीताचा असर उरत नाही.

या विचाराला युद्धाने घाई केली. डंकर्कच्या माघारीनंतर काही आठवड्यांतच, 23 जून 1940 रोजी, बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी साडेदहाला अर्धा तास आणि दुपारी तीनला अर्धा तास, म्हणजे नेमकं जेव्हा हात मंदावतात तेव्हा. पुढे रात्रपाळीसाठीही एक भाग आला. एरिक कोट्स यांची ‘कॉलिंग ऑल वर्कर्स’ ही धून त्याची ओळख बनली. हजारो कारखान्यांत कर्णे बसले.

आणि इथे वायकम पुन्हा चित्रात येतं. त्या काळात खुर्च्या कुणाला हव्या होत्या? पण लाकडावर चालणारे हात मात्र फार हवे होते, कारण 25 नोव्हेंबर 1940 रोजी डी हॅविलंड मॉस्किटो या विमानाने पहिलं उड्डाण केलं आणि ते विमान जवळजवळ सगळं लाकडाचं होतं. बर्चच्या पातळ प्लायच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड चिकटवून त्याचं धड बनवत, तेही दोन उभ्या अर्ध्या शिंपल्यांसारखं, मग ते जोडत. अॅल्युमिनियमची टंचाई होती, सुतारांची नव्हती. वायकमच्या फर्निचर कारखान्यांतून त्याचे भाग जाऊ लागले. लंडनच्या टॉटनहॅममधला हॅरिस लेबसचा कारखाना हॉर्सा ग्लायडर बनवू लागला. पुरुष सैन्यात गेल्याने बाकांवर बायका आल्या. काल खुर्चीची पाठ घासणारं दुकान आज विमानाचा पंख घासत होतं, आणि तोही हजारांच्या हिशेबाने. अशाच कामासाठी बीबीसीचा अर्धा तास होता.

त्या अर्ध्या तासात काय वाजवायचं, याचा विचार कार्यक्रमाचे संयोजक विनफर्ड रेनल्ड्स यांनी फार बारकाईने केला. ते स्वतः वाद्यवृंद चालवणारे. कारखान्यांत जाऊन त्यांनी पाहिलं आणि वादकांसाठी नियम केले. धून ओळखीची हवी. लय मध्येच सैल सोडायची नाही. आवाज एका पातळीवर राहिला पाहिजे, कारण हळुवार जागा यंत्रांच्या घरघरीत बुडतात आणि मग ऐकणार्‍याला कर्णा बिघडल्यासारखं वाटतं. रडकी, संथ गाणी नकोत. शब्द शक्यतो नकोत, कारण शब्द आले की मन तिकडे जातं. नियमांमागे कान होता हे खरं, पण निर्णय लंडनच्या कचेरीत होत असे.

‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या लोकप्रिय अमेरिकन गाण्याची गंमत प्रसिद्ध आहे. त्याच्या मुखड्यात चार टाळ्या येतात. कामगार त्या जागी हातातला पाना, हातोडी, जे असेल ते समोरच्या वस्तूवर आपटू लागले. बीबीसीने या कार्यक्रमातून ते गाणं बादच केलं.

याच काळात या संगीताचे पैसे कुणी द्यायचे, यावरून खटला उभा राहिला. वायकममधल्याच एका कंपनीने, अर्नेस्ट टर्नर इलेक्ट्रिकल इन्स्ट्रुमेंट्सने, आपल्या कामगारांना रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका ऐकवल्या. ही कंपनी विजेची मापनयंत्रं करणारी, लाकडाची नव्हे. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था न्यायालयात गेली. कंपनीचं म्हणणं साधं होतं : आत फक्त आमची माणसं, बाहेरचं कुणी नाही, मग हा जाहीर कार्यक्रम कसा? 1943 साली अपील न्यायालयाने ते मानलं नाही. कामगार म्हणजे घरची मंडळी नव्हेत, त्यांच्यासाठी वाजवलेलं संगीत हे जाहीर वादनच, असं ठरलं. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल अजून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. संगीतकाराचा हक्क ठरला, मालकाची जबाबदारी ठरली. ज्याच्या कानावर ते पडत होतं त्याला काय ऐकायचं आहे, हा मुद्दा खटल्यात कुणाचाच नव्हता.

अमेरिकेत म्युझॅक कंपनीने तर याचं शास्त्रच केलं. पंधरा मिनिटं हळूहळू चढत जाणारं संगीत, मग पंधरा मिनिटं शांतता. त्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही, लिफ्टमध्ये आपण सगळ्यांनी ते सोसलं आहे.

आपल्याकडे आकाशवाणी मुंबईवर ‘कामगार सभा’ असे. नाव कामगारांचं, पण ती ऐकत मोठी झालेली माणसं बहुतेक घरातली, पोळ्या लाटणार्‍या आईच्या आसपास लुडबुडणारी. त्यात मराठी गाणी लागत, शब्दांसकट. रेनल्ड्स यांनी नाक मुरडलं असतं.

पण त्यांचे नियम मराठी गाण्यांच्या फळीला लावून बघावेत. मी बघितलेत. विलंबित ख्याल पहिल्या फेरीतच बाद. आलाप यंत्रात बुडतो आणि ऐन कापणीत तान अंगावर येते. ‘गीतरामायण’ही बाद. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी लोकांनी हातातलं काम टाकून ऐकली, ती काम करताना कशी लावणार? शब्दांत अडकलो की माप चुकतं. भावगीत रेनल्ड्स यांच्या हिशेबात रडकं. लावणी म्हणजे आपलं टेक्सस! ढोलकी वाजली की हातातला लाकडी हातोडा बाकावर पडणारच. उरतो तो अभंग. भीमसेन जोशींची संतवाणी घ्या : टाळांचा ठेका पक्का, चाल ओळखीची, शब्द इतके पाठ की ते मनाला ओढून नेत नाहीत, आणि आवाज घासण्याच्या खरखरीतूनही वर येतो. बीबीसीच्या कसोटीला वारकर्‍यांचा ठेका इतका चपखल बसावा याची मला मौज वाटते. पण ठेका पक्का का, हे उघड आहे. तो शेकडो पायांनी एकत्र चालण्यासाठी घडला आहे.

‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ 1967 च्या सप्टेंबरअखेर बंद पडलं. तोवर हातात मावणारे ट्रान्झिस्टर आले होते आणि 1979 साली वॉकमन आला. निवड अखेर ज्याची त्याच्याकडे आली. पण तोवर दुसरीच अडचण पुढे आली होती. लाकडाची यंत्रं कान खातात. यांत्रिक रंधा किंवा चक्री करवत सहज 95-100 डेसिबलपर्यंत जाते. ब्रिटनमध्ये 1974 साली लाकूडकामाच्या यंत्रांचे जे नियम झाले त्यांत आवाजाची 90 डेसिबलची मर्यादा घातली गेली, आणि सध्याच्या 2005 च्या नियमांनुसार दिवसभराची सरासरी 85 च्या वर गेली की कान झाकणं सक्तीचं. म्हणजे लाकूडकामाच्या दुकानात पूर्वी कर्णा मोठा करून यंत्रावर मात करत, त्या काळातल्या कित्येक सुतारांच्या बहिरेपणात गाण्याचाही थोडा वाटा असणार.

आता कान झाकणार्‍या टोप्यांतच ब्लूटूथ असतं. बाहेरचा आवाज तीसेक डेसिबलने कमी होतो आणि आत हवं ते गाणं. ही मोठी सोय आहे. तरी ती आंधळेपणाने वापरू नये, कारण सुताराचा कान हेही एक हत्यार आहे. चक्री करवतीचा सूर खाली उतरला की लाकूड पात्याला आवळतंय, हात आखडायचा. पट्टीच्या करवतीतून प्रत्येक फेर्‍याला ‘टक्’ असा आवाज येऊ लागला की पट्टीला तडा गेलाय, यंत्र तिथल्या तिथे बंद करायचं. हे आवाज झाकलेल्या कानांनाही कळतात, गाण्याने भरलेल्या कानांना कळत नाहीत. मागे कुणी येऊन उभं राहिलं तर तेही कळत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट फार मोठी आहे.

म्हणून मी वायट-लँग्डन यांचंच ऐकतो, म्युझॅकचं नाही. यंत्र चालू असताना कान झाकलेले आणि गाणं बंद. पॉलिशपेपर घ्यायचा, रोगण चढवायचं, एकाच मापाचे वीस खुंटे हाताने तासायचे, असं तेच ते काम आलं की संतवाणी, आणि तीही अर्धा तास. मापं काढताना काही नाही. हाताने रंधा मारतानाही काही नाही. पातं रेषांच्या दिशेने चाललं असेल तर एकसंध सळसळ येते, उलट गेलं तर ती तुटून खरखर होते. ती खरखर ऐकू आली की थांबायचं आणि फळी फिरवून घ्यायची.