सहकारातून अल्पभूधारकाला काय मिळते? बऱ्हाणपूरच्या केळीचे उदाहरण

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हा तापीकाठचा, महाराष्ट्रातील जळगावला लागून असलेला जिल्हा. १५ ऑगस्ट २००३ रोजी तो पूर्व निमाडमधून (खंडवा) वेगळा झाला. केळी हे येथील मुख्य नगदी पीक असून ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतही केळीचीच निवड झाली आहे. संघटित विक्रीमुळे लहान शेतकऱ्याचे उत्पन्न खरोखर वाढते का, हे तपासण्यासाठी हे पीक चांगले उदाहरण आहे.

थांबता न येणारे पीक

गोव्यातील बागायतदार सुपारी वाळवून ठेवू शकतो आणि भाव उतरल्यास काही काळ थांबू शकतो. केळीला ही सवलत नाही. घड तयार झाला की मोजक्या दिवसांत कापावा लागतो. केळीला केंद्राचा हमीभावही नाही. व्यापाऱ्याला ही निकड ठाऊक असते आणि सौद्यात शेतकऱ्याची बाजू तेथेच दुबळी पडते.

दुसरी अडचण मालाच्या प्रमाणाची आहे. दीड मीटर अंतरावर लागवड केल्यास एका एकरात सुमारे १,८०० झाडे बसतात. मात्र सगळे घड एकाच वेळी तयार होत नाहीत. समजा, एका कापणीत ३०० घड निघाले आणि प्रत्येकाचे वजन २० किलो भरले, तर माल होतो ६ टन. निर्यातीच्या एका मोठ्या शीतकंटेनरला सुमारे २० टन केळी लागतात. एकट्या अल्पभूधारकाला तो भरता येत नाही. तीन-चार शेतकऱ्यांनी कापणीचे वेळापत्रक जुळवल्यास भरता येतो. प्रतवारी, खोकी, वाहतूक यांचा खर्चही मग वाटला जातो.

संघटनेच्या कायदेशीर चौकटी

सहकारी संस्था मध्य प्रदेश सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवता येते. सभासद दोन राज्यांतील असतील, तर २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू होतो. बऱ्हाणपूर आणि रावेरच्या शेतकऱ्यांना एकत्र यायचे झाल्यास हा मार्ग खुला आहे. तिसरा पर्याय शेतकरी उत्पादक कंपनीचा. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने तो उपलब्ध झाला. किमान १० उत्पादक अशी कंपनी स्थापन करू शकतात. वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत असते.

केंद्र सरकारने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांची योजना सुरू केली. तीत मैदानी प्रदेशासाठी किमान ३०० सभासदांची अट ठेवण्यात आली. व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आणि भागभांडवलाला जोड म्हणून प्रतिसभासद २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, अनुदान अशी तरतूद तीत करण्यात आली.

भावापेक्षा माहितीचा लाभ

केनियातील केळी उत्पादक गटांचा अभ्यास एलिझाबेथ फिशर आणि मतीन कैम यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सामूहिक विक्रीमुळे भावात पडलेला फरक थोडाच असल्याचे त्यांना आढळले. तरीही गटात सक्रिय असलेल्या शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढले होते. गटांतून माहिती वेगाने पसरत होती आणि नवे तंत्र स्वीकारले जात होते, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. नाव नोंदवून माल बाहेर विकणाऱ्या सभासदाला असा लाभ गृहीत धरता येत नाही.

पैसा केव्हा मिळतो?

सभासद संस्थेला डावलून व्यापाऱ्याकडे जातो, त्याला बेइमानी म्हणणे सोपे आहे. पण मजुरी, खत आणि सावकाराचे व्याज थांबत नसते. व्यापाऱ्याने रोख दिली आणि संस्थेने महिनाभराने, तर क्विंटलमागे थोडा अधिक भावही लहान शेतकऱ्याला परवडत नाही. केनियातील त्याच संशोधकांच्या पुढील अभ्यासातही विलंबाने मिळणारे पैसे सभासदांचा सहभाग घटवतात, असे दिसून आले.

बऱ्हाणपूरला सहकाराची ओळख नवी नाही; नवलसिंह सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यातला. उसाला केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर ठरवते आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे; उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. केळीला असे संरक्षण नाही. त्यामुळे केळीच्या संस्थेला खेळते भांडवल उभारून हा नियम स्वतःच पाळावा लागतो.

म्हणून संस्था निवडताना अल्पभूधारकाने जाहीर भावाबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात: वजन कोणाच्या काट्यावर होते, दांडा व घट यांपोटी किती कपात होते आणि पैसे किती दिवसांत खात्यात जमा होतात. ही तिन्ही उत्तरे लेखी मिळत असतील, तरच जाहीर भावाचा अर्थ लागतो.