चेक की म्हैसुरी?

जुनी जावा दिसली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘दोन सायलेन्सर आहेत म्हणजे दोन सिलिंडर असणार’. दुसरं, ‘ही ओरिजिनल चेक आहे बरं का, इकडची नाही’. पहिल्याचा निकाल लगेच लागतो. 250 सीसी जावाला सिलिंडर एकच, 65 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक. धूर बाहेर पडायला मात्र दोन वाटा, म्हणून दोन सायलेन्सर. दुसऱ्या वाक्यासाठी मला महूच्या या पोस्टिंगमधले चार महिन्यांचे रविवार लागले.

गाडी माझी नव्हे. निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालेल्या एका सुभेदारसाहेबांची. ते गेले, गाडी गोठ्यात उभी राहिली. इंदूरच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या मुलाला सांगितलं, ‘चेक मेड’ म्हणून विकू, दुप्पट पैसे येतील. फक्त टाकी क्रोम करून, नवा रंग मारून द्या. काकूंनी मला बोलावलं. इंदुरी मराठीत म्हणाल्या, “साहेब, खरं काय ते सांगा. यांनी आयुष्यात खोटी पावती केली नाही.”

खरं सांगायचं तर आधी इतिहासात शिरावं लागतं. फ्रांतिशेक यानेचेक या शस्त्रास्त्र कारखानदाराने 1929 मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेतला. यानेचेकचं ‘या’ आणि वांडररचं ‘वा’ मिळून झालं ‘यावा’. स्पेलिंगमुळे आपण त्याचं जावा केलं. (बंदुका बनवणारा माणूस मोटरसायकलकडे वळला, हे आम्हा फौजींना विशेष आवडतं. एनफिल्डचं नावही तसंच बंदुकांच्या गावावरून आलेलं. आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट मागवल्या आणि त्यातूनच 1955 मध्ये मद्रासची कंपनी उभी राहिली.) युद्धानंतर 1946 मध्ये ‘पेराक’ आली, म्हणजे स्प्रिंगवाली. मग 1954 पासून मागे स्विंगआर्म असलेली, चेक लोक जिला ‘कीवाच्का’, म्हणजे झुलणारी म्हणतात, ती. 250 सीसीचा टाइप नंबर 353, आणि तिच्या 350 सीसी बहिणीचा 354.

आपल्याकडे सुरुवातीला या गाड्या तयारच यायच्या. पण पन्नाशीच्या दशकात परकीय चलनाची चणचण झाली, आयातीवर बंधनं आली आणि गाडी इथेच बनवणं भाग पडलं. 1960 मध्ये इराणी कुटुंबाने आयडियल जावा काढली. 1961 मध्ये म्हैसूरच्या यादवगिरीतल्या कारखान्याचं उद्घाटन तेव्हाचे राज्यपाल, म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार यांच्या हस्ते झालं. सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियाहून सुटे भाग यायचे, जुळणी इथे व्हायची. मग हळूहळू भागही इथले झाले. गंमत अशी की खुद्द चेकोस्लोव्हाकियात 353 ची जागा 1962 च्या सुमारास 559 ने घेतली, पण म्हैसुरात तीच 353 सत्तरच्या दशकापर्यंत निघत राहिली. 1973 पासून ‘येझदी’ नाव लागलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

आता काकूंच्या गाडीकडे. आरसी बुकात साल 1962. म्हणजे नेमकं ते संधिकालातलं. गाडी ओळखताना माझा नियम साधा: स्क्रूने बसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्पीडोमीटर, दिवा, टाकीवरचा बिल्ला हे साठ वर्षांत कितीही वेळा बदललेलं असू शकतं. व्यापाऱ्याचा सगळा भर मात्र त्याच बिल्ल्यावर होता. किल्लीबद्दल तर बोलायलाच नको. जावाची किल्ली म्हणजे खिळ्यासारखी एक दांडी, एकीची दुसरीला सहज लागायची.

म्हणून रॉकेल आणि चिंध्या घेऊन आधी धातू साफ केला. वर्कशॉपमधल्या एका हवालदाराने हट्टाने पॉलिश पेपर माझ्या हातातून काढून घेतला, तेही बरंच झालं. घासलं असतं तर अक्षरं गेली असती. इंजिनच्या केसवर 353/04 असा ठसा निघाला, पुढचा आकडा आरसी बुकाशी जुळला. कार्ब्युरेटर यिकोव्ह, डायनॅमोवर पाल, दोन्ही चेक नावं. इथवर व्यापारी खूश. पण स्टिअरिंगच्या नळीवर, निळ्या रंगाच्या दोन थरांखाली, रिव्हेट मारलेली एक पट्टी होती: आयडियल जावा, म्हैसूर. रिव्हेट कारखान्यातलेच, त्यांच्याखालचा मूळ मरून रंग अखंड.

म्हणजे गाडी म्हैसूरचीच, आतडी चेक. माझ्या मते ही निव्वळ आयात गाडीपेक्षा जास्त मोलाची आहे, कारण तो संधिकाळ थोडी वर्षंच टिकला. बाजाराला हे पटत नाही. पट्टी काढली तर भाव दुप्पट, ठेवली तर निम्मा. मुलगा गप्प बसला. काकूंनी एकच विचारलं, “पट्टी काढली तर कुणाला कळेल?” मी म्हटलं, नाही कळणार. त्या म्हणाल्या, “मग राहू दे ती तिथेच.”

टाकी क्रोम केली नाही. निळा रंग उतरवून खालचा मरून जिथे टिकला होता तिथे तसाच ठेवला, बाकी त्याला जुळवून घेतला. सायलेन्सरचे बॅफल काढून, आगीत तापवून काजळी झाडली. क्रँकचे सील नवे, बॅटरी सहा व्होल्टचीच. पेट्रोल वीस भाग, तेल एक भाग. किक मारायचा दांडा तोच पुढे वळवला की गिअरचा होतो, हे नव्या पोरांना तीनदा समजवावं लागलं. इथून जवळच पिथमपूरला हल्लीच्या जावा बनतात, पण त्या फोर-स्ट्रोक. तेल मिसळायची भानगड त्यांना नाही.