लुचेरात एक रात्र

नेपल्स ते बारी हे अंतर मोटारीने साधारण तीन तासांचं. सकाळी नाश्ता करून निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस बारीत असतो. त्यामुळे दक्षिण इटलीच्या प्रवासाची आखणी करताना मी मध्येच एक मुक्काम टाकला, तेव्हा घरातून सरळ प्रश्न आला, ‘तिथे आहे काय?’ मुक्कामच करायचा असेल तर मातेरा आहे, डोंगरात कोरलेल्या घरांचं. अल्बेरोबेल्लो आहे, शंकूसारख्या छपरांचं. दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लुचेराचं नाव कुणी ऐकलेलंही नव्हतं.

तिथे काय आहे, याचं उत्तर मी घरी दिलं. इथे ते जरा सविस्तर मांडतो. कारण स्पेन म्हटलं की आपल्याकडे कुर्तुबा आणि गरनाता लगेच आठवतात, हळहळही व्यक्त होते. इटलीतल्या मुसलमानांविषयी मात्र आपल्याला जवळजवळ काही ठाऊक नसतं.

लुचेरा हे आग्नेय इटलीतल्या पुलिया प्रांतातलं गाव. फोज्जा शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासाच्या आत गाडी तिथे पोहोचते. भोवती तावोलिएरे नावाचं सपाट मैदान, गव्हासाठी प्रसिद्ध. मैदानातून वर आलेल्या टेकडीवर गाव वसलंय. तेराव्या शतकात सुमारे पंचाहत्तर वर्षं हे गाव मुसलमानांचं होतं. रोमपासून फार लांब नाही, पोपच्या डोळ्यांसमोर म्हणावं असं.

ते इथे आले कसे?

आपल्या मर्जीने आले नाहीत. त्यांची मूळ भूमी सिसिली. इ. स. ८२७मध्ये कैरवानचे काझी असद इब्न अल-फुरात यांच्या नेतृत्वाखाली उत्तर आफ्रिकेतून फौज सिसिलीत उतरली. ८३१मध्ये पालेर्मो हाती आलं आणि पुढच्या शतकभरात बेट मुस्लिम सत्तेखाली गेलं. मग नॉर्मन आले. १०७२मध्ये त्यांनी पालेर्मो घेतलं आणि १०९१पर्यंत सगळं बेट.

नॉर्मन राजांनी मुसलमानांना लगेच हाकललं नाही. त्यांना कारभार चालवणारे लोक हवे होते, शेती जाणणारे हवे होते, कर भरणारे हवे होते. पूर्वी मुस्लिम सत्ता बिगरमुस्लिमांकडून जिझिया घेत असे. आता ख्रिस्ती राजा मुसलमानांकडून तोच कर घेऊ लागला. दुसऱ्या रॉजरच्या राज्याभिषेकाचा म्हणून ओळखला जाणारा झगा आज व्हिएन्नात आहे. त्याच्या काठावर अरबी अक्षरं आणि हिजरी ५२८ हे साल भरतकामात काढलेलं आहे. याच रॉजरसाठी अल-इद्रिसी यांनी पालेर्मोत बसून जगाचा भूगोल लिहिला, तो ११५४मध्ये पुरा झाला. त्या ग्रंथात आपलं ठाणं आहे, सोपारा आहे, सैमूर या नावाने चौलही आहे. सिसिलीतल्या ख्रिस्ती राजाला कोकणातली बंदरं एका मुस्लिम विद्वानाने सांगितली. या गोष्टीचा अभिमान वाटावा, पण तिथेच थांबू नये.

कारण अवघ्या तीस वर्षांनी अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर हजहून परतताना सिसिलीत आला, ११८४च्या अखेरीस. त्याने पालेर्मोतल्या मशिदी पाहिल्या, बाजार पाहिले, मुसलमानांचा स्वतंत्र काझी पाहिला. सोबत हेही नोंदवलं की जुम्म्याच्या खुतब्याला मनाई आहे, तो फक्त ईदला होतो. दरबारातले मुस्लिम नोकर आपला धर्म लपवून जगतात. आणि एका सिसिलियन बापाने तर आपली मुलगी एका हाजीच्या निकाहात देऊ केली. कशासाठी? निदान ती तरी या देशातून बाहेर पडावी म्हणून. मला इद्रिसींच्या ग्रंथाइतकाच हा बाप महत्त्वाचा वाटतो. राजदरबारात अरबी झग्याचा थाट होता, तेव्हा गल्लीतल्या बापाला पुढचं दिसत होतं.

११८९मध्ये राजा दुसरा विल्यम वारला आणि बापाची भीती खरी ठरली. पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. लोक पश्चिमेकडच्या डोंगरांत पळाले आणि तिथून वर्षानुवर्षं झुंजत राहिले. शेवटी सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२२०च्या दशकात बंड मोडलं आणि मुसलमानांना बेटावरून उचलून मुख्य भूमीवर, लुचेरात आणून ठेवायला सुरुवात केली. हे काम पुढे वीसेक वर्षं टप्प्याटप्प्याने चाललं. इतिहासकारांचा अंदाज पंधरा ते वीस हजार माणसांचा आहे.

राजाची माणसं

या फ्रेडरिकला अरबी विद्येची आवड होती. १२२९मध्ये त्याने सुलतान अल-कामिलशी तह करून लढाईशिवाय जेरुसलेम मिळवलं. म्हणून आजही त्याचं नाव सहिष्णुतेचा पुतळा म्हणून घेतलं जातं. लुचेरात उभं राहून हे कौतुक जरा तपासून घ्यावं लागतं. त्याने या लोकांना त्यांच्या डोंगरांपासून तोडलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून तोडलं आणि चहूबाजूंनी ख्रिस्ती वस्ती असलेल्या मैदानात आणून सोडलं. आता त्यांना राजाखेरीज वाली नव्हता. असे लोक बंड करत नाहीत. ते निष्ठावान होतात. पोपशी भांडण असलेल्या सम्राटाला नेमके असेच सैनिक हवे होते, कारण पोपच्या बहिष्काराची धमकी त्यांना लागू होत नव्हती. लुचेराचे तिरंदाज त्याच्या लढायांत नावाजले गेले. गावात शस्त्रं घडत होती, भोवती शेती पिकत होती.

बदल्यात त्यांना धर्म पाळू दिला गेला. १२६१मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्स याने इब्न वासिल या विद्वानाला फ्रेडरिकच्या मुलाकडे, राजा मॅनफ्रेडकडे, दूत म्हणून पाठवलं. त्याने लिहून ठेवलं की लुचेरा नावाचं एक शहर आहे, तिथले सगळे रहिवासी सिसिलीचे मुसलमान आहेत, तिथे जुम्म्याची नमाज होते आणि इस्लाम उघडपणे पाळला जातो. राजाच्या छावणीतही अजान होत होती. सिसिलीत इब्न जुबैरला जो जुम्मा दिसला नव्हता, तो इब्न वासिलला इटलीच्या मुख्य भूमीवर सापडला.

मात्र कायद्याच्या भाषेत हे लोक होते राजाच्या खजिन्याचे दास. त्यांच्यावर हात टाकणं म्हणजे राजाच्या मालावर हात टाकणं. यातच त्यांचं संरक्षण होतं आणि यातच त्यांचा शेवटही होता. कारण मालाचं काय करायचं, हे मालक ठरवतो.

१२६६मध्ये मॅनफ्रेड बेनेवेंतोच्या लढाईत मारला गेला आणि राज्य फ्रेंच आंजू घराण्याच्या पहिल्या चार्ल्सकडे गेलं. लुचेराने जुन्या घराण्याची बाजू धरून उठाव केला. वेढा पडला, उपासमार झाली आणि ऑगस्ट १२६९मध्ये गाव शरण आलं. तरीही चार्ल्सने त्यांना ठेवून घेतलं. त्यालाही कर हवा होता, तिरंदाज हवे होते.

तीस वर्षांनी त्याच्या मुलाचा, दुसऱ्या चार्ल्सचा हिशेब वेगळा निघाला. १२८२च्या बंडात सिसिली हातची गेली होती, ती परत मिळवण्याच्या युद्धात खजिना रिकामा झाला होता आणि फ्लॉरेन्सच्या सावकारांचं कर्ज डोक्यावर होतं. ऑगस्ट १३००मध्ये त्याचा अधिकारी जोव्हान्नी पिपिनो फौज घेऊन लुचेरात घुसला. धान्य, गुरं, घरं जप्त झाली. माणसं गुलाम म्हणून विकली गेली आणि पैसा राजाकडे गेला. गावाचं नाव बदलून ‘सांता मारियाचं शहर’ ठेवलं गेलं आणि नवं कॅथेड्रल उभं राहू लागलं. ते मशिदीच्या जागेवर आहे असं परंपरा सांगते.

हे धर्मासाठी झालं की पैशासाठी, यावर इतिहासकारांत वाद आहे. मला वाटतं, विकल्या गेलेल्या माणसाला त्या वादाशी काही घेणंदेणं नव्हतं. धर्माने कारण पुरवलं, कर्जाने वेळ ठरवली.

मुक्कामाची आखणी

तर आमची आखणी अशी आहे. नेपल्सहून सकाळी निघून दुपारपर्यंत लुचेरात पोहोचायचं. दुपारी दुकानं बंद असतात आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, म्हणून मधला वेळ किल्ल्यासाठी. इटलीतल्या जुन्या गावांच्या मध्यभागी बऱ्याचदा बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेऱ्यावरून दंड घरी येतो. म्हणून गाडी गावठाणाबाहेर लावता येईल अशीच खोली बघायची. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जेवणाची चिंता नको. पुलियात बाकल्याच्या डाळीचा लगदा आणि कडसर पालेभाजी हा गरिबांचा जुना पदार्थ सगळीकडे मिळतो, त्यात मांस नसतं.

किल्ला बघताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. टेकडीवरची ती सुमारे नऊशे मीटरची, चोवीस बुरुजांची तटबंदी मुसलमानांनी बांधलेली नाही. ती १२६९च्या शरणागतीनंतर पहिल्या चार्ल्सने बांधली. आत फ्रेडरिकच्या वाड्याचे अवशेष आहेत. म्हणजे वाडा आश्रयदात्याचा, तट पाहरेकऱ्याचा, आणि ज्यांच्यामुळे दोन्ही उभे राहिले त्यांची खूण शोधायला गावातल्या संग्रहालयात जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बारी. तिथेही आपला इतिहास आहे आणि तो फक्त सोसण्याचा नाही. ८४७ ते ८७१ या काळात बारी ही मुस्लिम अमिरात होती. ८६७च्या सुमारास बर्नार्ड नावाचा ख्रिस्ती साधू जेरुसलेमला जाताना तिथे आला आणि अमीर सौदानकडून त्याने प्रवासाची पत्रं घेतली. पुढे तारांतो बंदरात त्याने सहा जहाजं पाहिली. त्यांत बेनेवेंतोच्या मुलखातले नऊ हजार ख्रिस्ती कैदी होते, गुलाम म्हणून नेले जाणारे. १३००चं दुःख सांगताना ही जहाजं गाळली तर आपण इतिहास सांगत नाही, नुसती तक्रार करतो. माणसं विकणाऱ्या या व्यवहारात दोन्ही धर्मांचे लोक विकतही होते आणि विकलेही जात होते.

लुचेराकडे बघण्याच्या दोन सोप्या तऱ्हा आहेत. एकीला फक्त फ्रेडरिकची सहिष्णुता दिसते, दुसरीला फक्त क्रुसेड. मला तिथे तिसरीच गोष्ट दिसते. मर्जी आणि हक्क यांत फरक असतो. पंचाहत्तर वर्षांत त्या लोकांना नमाज मिळाली, जमीन मिळाली, दरबारात मानही मिळाला. पण यातलं काहीही त्यांचं नव्हतं, राजाने दिलेलं होतं. आधीच्या राजांना ते उपयोगी पडले, शेवटच्याला विकल्यावर जास्त उपयोगी वाटले. अल्पसंख्याकांनी आपण देशाला किती उपयोगी आहोत याचे दाखले देत राहण्याची सवय जगभर आहे. आपल्यातही आहे. लुचेराने असे दाखले भरपूर जमवले होते. त्यांच्याकडे नव्हता तो कायदा, जो राजालाही बांधून ठेवेल.

आज फोज्जाभोवतीच्या शेतांत टोमॅटो तोडायला पश्चिम आफ्रिकेतून आलेले मजूर राबतात. त्यांत पुष्कळ मुसलमान आहेत. बरेच जण पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात. अनेकांकडे कागदपत्रं नसतात. त्या मैदानावर पुन्हा नमाज होते आहे, आणि पुन्हा अशा माणसांची, ज्यांचं काम सगळ्यांना हवं आहे. ‘तिथे आहे काय?’ या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर हे आहे. बाकीचं अर्धं सातशे वर्षं जुनं आहे.