किरमिजी रंगाची चोरी

1597 साली एसेक्सचा अर्ल हा इंग्रज सरदार आपले आरमार घेऊन अझोर्स बेटांपाशी दबा धरून होता. अमेरिकेतली चांदी स्पेनला नेणारा ताफा त्याला लुटायचा होता. चांदीची जहाजे निसटली. मागे रेंगाळलेली तीन जहाजे तेवढी हाती लागली आणि त्यांत इतर मालाबरोबर 27 टन कोचिनील निघाले. करड्या रंगाचे, सुरकुतलेले, मिरीहूनही बारीक दाणे. इंग्रज व्यापाऱ्यांना या मालाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दाणे कुटून तुरटीबरोबर उकळले की लोकर आणि रेशमावर किरमिजी रंग चढतो, हे त्यांना ठाऊक होते. पण तो दाणा नेमका कशाचा, हे त्यांच्यातल्या एकालाही छातीठोकपणे सांगता आले नसते.

तो दाणा म्हणजे वाळवलेला किडा. आपल्याकडच्या सीताफळावर किंवा कपाशीवर पडणाऱ्या पिठ्या ढेकणासारखाच दिसणारा, अंगावर पांढरी मेणचट भुकटी घेऊन फड्या निवडुंगाच्या पानाला चिकटून बसणारा. मादीला पंख नसतात. एकदा सोंड खुपसली की ती जन्मभर तिथेच बसते आणि मुंग्यांसारख्या शत्रूंपासून वाचण्यासाठी अंगात कार्मिनिक आम्ल साठवते. वाळलेल्या मादीच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा याच आम्लाचा असतो. माणसाला हवा असलेला लाल रंग तोच. पौंडभर माल भरायला सुमारे 70,000 माद्या लागतात.

किड्यापासून लाल रंग काढणे जगाला नवे नव्हते. भारतात लाखेचा किडा होता, भूमध्य समुद्राकाठी ओकच्या झाडावरचा केर्मेस होता. पण मेक्सिकोच्या किड्यात रंग कितीतरी अधिक होता, कारण तो नुसता रानातून वेचलेला नव्हता. वाहाका भागातल्या मिश्तेक आणि सापोतेक शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो पाळीव बनवला होता. हा पाळीव किडा जंगली भाऊबंदांपेक्षा जवळजवळ दुप्पट मोठा असतो. अंगावरची भुकटी कमी असल्याने तितकाच नाजूकही. थंडीचा कडाका किंवा पावसाची एक जोरदार सर त्याला पुरते. म्हणून गाभण माद्या तंतूंच्या छोट्या घरट्यांत घालून पानापानावर टांगायच्या, पिल्ले बाहेर पडून चिकटली की मुंग्या, पाखरे आणि अळ्यांपासून त्यांना राखायचे, पावसाळ्याआधी बियाण्याच्या माद्या टोपल्यांत भरून दुसऱ्या हवेच्या डोंगरात हलवायच्या आणि तीनेक महिन्यांनी वाढलेल्या माद्या हलक्या हाताने झाडून घ्यायच्या, असे हे काम होते. आस्तेकांचे राज्य या प्रदेशाकडून खंडणीत कोचिनीलची पोतीच घेत असे.

1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोत उतरला आणि चार वर्षांत खुद्द सम्राट पाचव्या चार्ल्सने या लाल मालाची चौकशी केली. सोळावे शतक संपता संपता मेक्सिकोहून स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल कोचिनीलचा नंबर लागू लागला. त्लाश्कालाच्या स्थानिक पंचांनी तर 1553 मध्येच तक्रार नोंदवली होती, की लोक मका सोडून निवडुंगाच्या मागे लागले आहेत आणि हातात पैसा खुळखुळू लागल्यापासून कोणाला जुमानत नाहीत. नंतर स्पॅनिश अधिकारी शेतकऱ्यांना आगाऊ उचल देऊन माल स्वस्तात बांधून घेऊ लागले. तरी मोठमोठे मळे काही उभे राहिले नाहीत. इतकी निगा घरची माणसे आणि परसातला निवडुंग यांनाच परवडणारी होती. 1774 साली वाहाकात नोंदला गेलेला माल सुमारे 15 लाख पौंड होता. जवळजवळ सगळा छोट्या शेतकऱ्यांच्या हातून आलेला.

इकडे युरोपात तोवर वाद रंगला होता: हे बी आहे, फळ आहे, की किडा? स्पेन परक्यांना आपल्या वसाहतींत शिरू देत नसे, त्यामुळे डोळ्यांनी पाहून निकाल लावण्याची सोय नव्हती. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांना पाय आणि खवले दिसले, तरी सगळ्यांची खात्री पटेना. अखेर अॅम्स्टरडॅममधल्या मेल्खिओर द रॉयस्खर याने मित्राशी पैज लावली आणि थेट वाहाकातल्या शेतकऱ्यांच्या शपथेवर घेतलेल्या साक्षी मागवल्या. उत्तर एकच आले: जिवंत, चालणारा, पिल्ले घालणारा किडा. 1729 मध्ये त्याने हे सगळे पुस्तकरूपात छापले.

किडा आहे हे पक्के झाल्यावर तो पळवणे तेवढे उरले. 1777 मध्ये तिएरी द मनोंव्हिल हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ वैद्य असल्याची बतावणी करत व्हेराक्रूझला उतरला. संधिवातासाठी औषधी झऱ्यांवर स्नान करायचे आहे, असे सांगून तो निघाला आणि वाहाकाला पोहोचला. तिथे त्याने किड्यांसकट निवडुंगाची पाने विकत घेतली, पेट्यांत दडवली आणि कॅरिबियनमधल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत सुखरूप नेली. राजाने त्याचा गौरव केला. पण 1780 मध्ये तो वारला आणि त्याच्यामागे पाळीव किडाही टिकला नाही. तग धरला तो जंगली जातीने.

इंग्रजांची फसगत याहून मोठी. मद्रासचे सर्जन जेम्स अँडरसन यांना 1786 मध्ये एक लाल किडा सापडला आणि त्यांनी लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांना पत्रांमागून पत्रे धाडली. तो खरा कोचिनील नव्हता. तरी ईस्ट इंडिया कंपनीने उत्साह सोडला नाही. मद्रासजवळ सैदापेठला निवडुंगाची बाग लावली गेली आणि खरा किडा आणणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. 1795 साली कॅप्टन नीलसन रिओ द जानेरोहून एक किडा कलकत्त्याला घेऊन आले. तो झपाट्याने वाढला, माल लंडनला गेला, पण भाव पडेल मिळाला. कारण हा ब्राझीलचा जंगली किडा होता. रंग थोडा, भूक मोठी.

त्या भुकेचा उपयोग मात्र वेगळाच झाला. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, जहाजांबरोबर इकडे आलेला. कुंपणासाठी लावलेला हा पाहुणा रानोमाळ पसरत होता. कोचिनीलचे किडे निवडुंगाच्या जातीबाबत फार चोखंदळ असतात. नीलसनच्या किड्याने आपल्याला रुचणारी एक जात खाऊन फस्त केली. हे पाहून पुढे त्याला दक्षिण भारतात आणि सिलोनमध्ये मुद्दाम सोडण्यात आले. किड्याकरवी तण मारण्याचे हे जगातले अगदी सुरुवातीचे प्रयोग. ज्या निवडुंगांना त्याने तोंड लावले नाही, त्यांच्यासाठी 1926 मध्ये सिलोनहून याच कुळातली दुसरी जात भारतात आणली गेली.

खऱ्या किड्याला बाहेर बस्तान बसवता आले ते कॅनरी बेटांवर, 1820 च्या दशकात. तिथली हवा कोरडी होती. पुढे द्राक्षवेलींवर रोग पडल्याने शेतकऱ्यांनाही नवे पीक हवे होते. 1860 च्या दशकाअखेर या बेटांवरून वर्षाला सुमारे 60 लाख पौंड माल निघत होता. पण 1856 मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला होता. त्याच वाटेने कृत्रिम लाल रंग बाजारात आले आणि बेटांवरचे निवडुंग ओस पडले.

तरीही किडा संपला नाही. काही कृत्रिम रंगांविषयी शंका वाढल्या, तसा खाद्यपदार्थ आणि लिपस्टिकसाठी तो पुन्हा मागवला जाऊ लागला. आज जगातला बहुतांश माल पेरू देशातून येतो आणि वेष्टनावर ‘ई 120’ या नावाने छापला जातो. 2012 मध्ये अमेरिकेत स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरी पेयात तो असल्याचे कळल्यावर शाकाहारी ग्राहकांनी ओरड केली आणि कंपनीने टोमॅटोतल्या लायकोपिनचा रंग वापरायला घेतला.

वाहाकाजवळच्या तेओतित्लान देल व्हाये गावात सापोतेक विणकर अजूनही कोचिनील वापरतात. स्पॅनिश येण्यापूर्वी इथे या रंगात सूत, पिसे आणि सशाची लव रंगवली जाई. आता रंगते ती मेंढीची लोकर. मेंढ्या स्पेनहून आल्या आणि पायाने चालवायचा मागही तिकडूनच. किड्याची पूड तळहातावर चोळून विणकर तिच्यावर लिंबू पिळतात. आम्ल लागताच किरमिजी रंगाचा भडक नारिंगी होतो. लिंबूवर्गीय झाडांची बियाणी कोलंबसने 1493 मधल्या दुसऱ्या सफरीत अमेरिकेत नेली. त्या कुळाचे मूळ घर आशियात. तेव्हा त्या तळहातावर किडा तेवढा घरचा असतो.